परदेशचे सिमकार्ड आणि घरचा क्रमांक

सिहोरा नावाची दोन गावे आहेत. एक भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात; दुसरे मध्य प्रदेशात, जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर. आजची हकीकत या दुसऱ्या सिहोऱ्याची आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती. त्या काळी आणि त्याच्याही आधी नोकरीधंद्याच्या निमित्ताने पुष्कळ मराठी कुटुंबे जबलपूरच्या परिसरात आली आणि येथलीच झाली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी त्यांची रीत पडून गेली. आता त्यांच्या मुलाबाळांनी आणखी दूरची वाट धरली आहे, आणि नातवंडाच्या ओढीने आईबापही त्या वाटेने जाऊ लागले आहेत.

अशाच एका घरातील निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. गावात त्यांना सारे गुरुजी आणि काकू म्हणून ओळखतात. त्यांची मुलगी जर्मनीत, म्युनिक शहरी राहते. तिच्या बाळंतपणासाठी दोघे निघाले. काकूंनी महिनाभर तयारी चालविली होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मेतकूट, गोडा मसाला, बाळाची झबली-टोपडी. शिवाय पासपोर्ट, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तू यादीवर खूण करून पेटीत गेली. यादीत नव्हती ती एकच वस्तू. गुरुजींच्या फोनमधील सिमकार्ड फोनबरोबर आपोआप जाणारच होते, त्याची निराळी तयारी ती काय करावयाची?

म्युनिकला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी जावयांनी मोठ्या आस्थेने गुरुजींना दुकानात नेले, पासपोर्ट दाखवून तेथील कंपनीचे कार्ड घेतले आणि ते फोनमध्ये बसविले. जुने कार्ड कागदात गुंडाळून काकूंच्या औषधांच्या डबीत पडले. फोनमध्ये दुसऱ्या कार्डासाठी कप्पा होता. तो रिकामाच राहिला. नवे कार्ड उत्तम चालले. बाळाची छायाचित्रे रोज सिहोऱ्यास पोहोचू लागली, आणि जुन्या कार्डाचा सर्वांना विसर पडला.

सहाव्या आठवड्यात जबलपूरहून निरोप आला. गुरुजींच्या धाकट्या बंधूंना हृदयविकाराचा झटका आला होता आणि रुग्णालयात तातडीने रक्कम भरावयाची होती. गुरुजींच्या खात्यात पैसे होते, फोनवर बँकेची सोय होती, हात मात्र बांधले गेले. पैसे पाठविण्यापूर्वी बँक जो एकदाच चालणारा सांकेतिक अंक पाठविते, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो जुन्या क्रमांकावर जात होता. डबीतून कार्ड काढून फोनमध्ये घातले. परंतु निघण्यापूर्वी परदेशी सेवा सुरू करून घेतलेली नव्हती आणि मध्यंतरी रिचार्जची मुदतही संपली होती. फोनला एकही मनोरा दिसेना. शेवटी सिहोऱ्यातील एका शेजाऱ्याने त्याच रात्री जबलपूर गाठून पैसे भरले. बंधू बरे झाले. तरीही गुरुजी पुढे बरेच दिवस म्हणत असत, "पैसे माझे, भाऊ माझा, आणि ऐन वेळी परका ठरलो तो मीच."

दोष कोणाचाच नव्हता. जावयांनी योग्य तेच केले होते. बँकेनेही आपला नियम पाळला होता. चूक झाली ती समजुतीची. सिमकार्ड म्हणजे बोलण्याचे साधन, एवढेच आपण धरून चालतो. गेल्या काही वर्षांत ते आपले ओळखपत्रही झाले आहे, ही गोष्ट घर सोडीपर्यंत आपल्या ध्यानी येत नाही. म्हणून परदेशात कोणते कार्ड स्वस्त पडते, हा प्रश्न दुसरा. घरचा क्रमांक तेथे जागा कसा राहील, हा पहिला.

या कार्डात असते तरी काय, ते आधी पाहू. सिम हे तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे रूप असून त्याचा अर्थ ग्राहकाची ओळख पटविणारा भाग असा आहे. योगायोग असा की, गुरुजी ज्या म्युनिक शहरी गेले त्याच शहरातील गीझेके आणि डेव्रिएंट या कंपनीने १९९१ साली पहिली सिमकार्डे तयार केली आणि त्यांपैकी ३०० कार्डे फिनलंडमधील रेडिओलिंजा या कंपनीस विकली. ती पहिली कार्डे आजच्या बँकेच्या कार्डाएवढी मोठी होती. आज सर्वत्र दिसणारे लहान कार्ड १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे बोटाच्या नखाएवढे असते. भारतात मोबाइल फोनवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस, केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी ते केले होते.

या नखाएवढ्या तुकड्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक म्हणजे ग्राहकाचा बहुधा १५ अंकी क्रमांक. आपण लोकांना सांगतो तो हा क्रमांक नव्हे. हा कंपन्यांच्या आपसातील व्यवहाराचा असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारताकडे ४०४ आणि ४०५ हे अंक आहेत, तर नेपाळचा अंक ४२९ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त किल्ली. तिची जोडकिल्ली फक्त आपल्या कंपनीपाशी असते आणि ती कार्डाबाहेर कधीच जात नाही. फोन सुरू झाला की कंपनी कार्डास एक अंक पाठविते. कार्ड आपल्या किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देते. कंपनीनेही तेच गणित केलेले असते. दोन्ही उत्तरे जुळली म्हणजे ओळख पटली. किल्ली स्वतः वाटेवर कधीच येत नाही, म्हणून ती वाटेत चोरीस जाण्याचे भय नाही.

आता हाच फोन म्युनिकमध्ये सुरू झाला, तर तेथील कंपनी पहिल्या तीन अंकांवरून ओळखते की, पाहुणा भारताचा आहे. ती भारतातील कंपनीस विचारते, "हा ग्राहक तुमचाच काय? आणि याला परदेशी सेवेची मुभा आहे काय?" होकार आला तर सेवा मिळते. यालाच रोमिंग म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या हुंडीची येथे आठवण होते. नागपूरच्या पेढीची हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे ती दोन पेढ्यांच्या विश्वासावर, आणि त्या विश्वासाचे मोल हुंडणावळ म्हणून द्यावे लागे. रोमिंगचा दर चढा असतो तो याच कारणाने. तेथे दोन पेढ्यांचा हिशेब असतो. उलट स्थानिक कार्ड घेणे म्हणजे काशीच्या पेढीतच आपले खाते उघडणे. तेथे हुंडणावळ नाही, दर गावचाच. मात्र त्या खात्यावर नागपूरची पेढी आपणांस ओळखत नाही. गुरुजींची अडचण नेमकी हीच झाली.

एके काळी परदेशी गेलेल्या माणसाचे क्षेमकुशल कळण्यास किती दिवस लागत, याची आज कल्पनाही करवत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून आगबोटीने निघाल्या, त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या जूनमध्ये. पत्रालाही तोच समुद्र ओलांडावा लागे. आता सिहोऱ्यातील आजी म्युनिकमधील नातवाचे रडणे त्याच क्षणी ऐकते. सोय एवढी वाढली म्हणूनच ती तुटल्यावर होणारी अडचणही तेवढीच मोठी असते.

परदेशात फोन चालविण्याचे आज तीन मार्ग आहेत. पहिला, आपल्याच कंपनीकडून परदेशी सेवेचे पॅक घेणे. चार-आठ दिवसांची यात्रा असेल, किंवा एकामागून एक अनेक देश पाहावयाचे असतील, तर हा सोपा मार्ग होय. दुसरा, त्या देशाचे कार्ड घेणे. मुक्काम महिना दोन महिन्यांचा असेल, तेथल्या लोकांना फोन करावयाचे असतील, दवाखान्यात किंवा कचेरीत स्थानिक क्रमांक द्यावा लागणार असेल, तर हाच मार्ग उत्तम. तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड नसतेच. फोनच्या आत बसविलेल्या भागात कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. त्यासाठी एक क्यूआर कोड मिळतो. फोनवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट या कळा क्रमाने दाबल्या आणि त्यात ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला, तर त्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे. प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीच ई-सिमे फक्त इंटरनेटपुरती असतात, त्यांवर साधा फोन करता येत नाही. तेव्हा घेण्यापूर्वी विचारावे. ई-सिम उतरवून घेण्यास इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरून निघण्यापूर्वीच उरकावे. आणि एकदा उतरविलेले ई-सिम उगाच पुसून टाकू नये. पुष्कळ कोड एकदाच चालतात.

स्थानिक कार्ड घेण्याचे नियम देशोदेशी निरनिराळे आहेत. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून ओळख पटविल्याखेरीज कार्ड सुरू होत नाही. पासपोर्ट जवळ हवाच. ब्रिटनमध्ये आगाऊ पैसे भरून घेण्याच्या कार्डास ओळखपत्र मागण्याची सक्ती नाही. सौदी अरेबियात २०१६ पासून बोटांचे ठसे घेऊनच कार्ड मिळू लागले. हज-उमरा यात्रेस जाणाऱ्यांनी याची जाणीव ठेवावी आणि दुकानात स्वतः जावे. जपानमध्ये पाहुण्यांसाठी असलेली कार्डे बहुतांशी इंटरनेटपुरतीच असतात. संयुक्त अरब अमिरातीत तर कार्ड सहज मिळते, परंतु इंटरनेटवरून बोलण्याच्या सर्व साधनांना तेथे मोकळीक दिलेली नाही. व्हॉट्सॲपवरून संदेश जातो पण बोलणे होत नाही, असा अनुभव तेथील कुटुंबांना दीर्घकाळ आला आहे. परवाना असलेले साधन कोणते, ते तेथे राहणाऱ्या नातलगांकडून आधीच समजून घ्यावे.

युरोपीय संघात मात्र एक मोठी सोय आहे. १५ जून २०१७ पासून संघातील एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात, वाजवी मर्यादेत, घरच्याच दराने चालते. म्युनिकचे कार्ड घेऊन गुरुजी व्हिएन्नास किंवा पॅरिसला गेले असते, तर नवे कार्ड घेण्याचे कारण पडले नसते. स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि ब्रिटनही आता त्यातून बाहेर पडले आहे, एवढे ध्यानात ठेवावे. अमेरिकेस जाणाऱ्यांनी आपला फोन तपासून घ्यावा. तेथील मोठ्या कंपन्यांनी २०२२ साली आपली थ्री-जी सेवा बंद केली. ज्या फोनवर फोर-जीमार्फत बोलता येत नाही तो तेथे कार्ड घालूनही मुका राहतो.

नेपाळची यात्रा आपल्याकडे पुष्कळ घरांतून होते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा अशी ती वाट आहे. भारतीय नागरिकास तेथे पासपोर्ट अथवा मतदार ओळखपत्र दाखवून जाता येते. त्यामुळे आपण परदेशात चाललो आहोत याचेच भान राहत नाही. फोनच्या दृष्टीने मात्र तो परदेशच असतो. सरकारी मालकीची नेपाल टेलिकॉम आणि खासगी एनसेल या तेथील दोन मुख्य कंपन्या आहेत. सोनौली किंवा रक्सौलसारख्या सीमेवरील गावी आणखी एक गंमत होते. माणूस अजून भारतातच असतो, पण फोन पलीकडचा मनोरा धरतो आणि परदेशी दराने आकारणी सुरू होते. सीमेजवळ इंटरनेटचे रोमिंग बंद ठेवावे आणि कंपनीची निवड फोनवर न सोपविता आपल्या हातांनी करावी.

आता मुख्य गोष्ट. स्थानिक कार्ड घ्या, ई-सिम घ्या, पण घरचे कार्ड फोनमधून काढू नका. बहुतेक नव्या फोनमध्ये दोन क्रमांकांची सोय असते. इंटरनेट आणि बोलणे यांसाठी नवा क्रमांक निवडावा. घरच्या क्रमांकाचे इंटरनेट रोमिंग बंद करावे आणि तो केवळ संदेश घेण्यासाठी जागा ठेवावा. भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांना परदेशात आलेल्या साध्या संदेशासाठी सामान्यतः आकार पडत नाही. तरी निघण्यापूर्वी आपल्या कंपनीस विचारून खात्री करावी. त्या क्रमांकावर आलेला फोन उचलला तर मात्र आकार पडतो. म्हणून नातलगांना आधीच सांगून ठेवावे की, अमुक तारखेपर्यंत नेहमीच्या क्रमांकावर फोन करू नका, व्हॉट्सॲपवर बोला. नवे कार्ड घातल्यावर व्हॉट्सॲप विचारते की, क्रमांक बदलावयाचा काय? तेथे नाही म्हणावे. जुन्या क्रमांकावरचे खाते नव्या कार्डाच्या इंटरनेटवर बिनदिक्कत चालते.

घरचा क्रमांक जागा राहावा यासाठी तीन कामे प्रवासापूर्वी आठ दिवस करावीत. परदेशी सेवा आपल्या क्रमांकावर सुरू आहे काय, हे कंपनीच्या दुकानात जाऊन किंवा तिच्या ॲपवरून पाहावे. परत येण्याच्या तारखेपुढे पंधरवडाभर पुरेल एवढ्या मुदतीचे रिचार्ज करावे. आणि बँकेत आपला क्रमांक व ई-मेल बरोबर नोंदलेला आहे ना, हे तपासावे. ही तिन्ही कामे घरी बसून घटकाभरात होतात; परदेशातून करू गेल्यास प्रत्येक कामासाठी पुन्हा त्याच बंद क्रमांकावर संकेत येतो आणि माणूस आपल्याच दाराबाहेर कुलपाची किल्ली शोधीत बसतो.

मुदतीची बाब विशेष महत्त्वाची आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली ठरवून दिलेल्या नियमानुसार, आगाऊ पैसे भरून घेतलेल्या कार्डावरून ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर ते बंद करता येते. खात्यात २० रुपये शिल्लक असल्यास ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढविण्याची तरतूद त्यात होती. बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. म्हणजे आपल्या बँकेचे, गॅसचे, निवृत्तिवेतनाचे संदेश कोणा अपरिचिताच्या हाती पडू लागतात. युरोपातील बहुतेक देशांत पाहुणा म्हणून राहण्याची मर्यादाही १८० दिवसांत ९० दिवसांचीच आहे. पूर्ण मुदत राहून येणाऱ्याने हा हिशेब बोटांवर मोजून ठेवावा, आणि महिन्यातून एकदा घरच्या क्रमांकावरून एखादा संदेश पाठवावा. त्याचे पैसे पडले तरी ते वाया गेले असे समजू नये.

काही लहान गोष्टी वेळेवर मोठे काम करतात. कार्डाचा कप्पा उघडण्याची पिन बटव्यात ठेवावी. ती नसली तर कानातल्या कुड्यांची बारीक काडीही चालते. कार्डास पिन क्रमांक लावलेला असल्यास तो लिहून ठेवावा. पिन तीनदा चुकली की कार्ड अडते आणि ते उघडण्यास पीयूके हा आठ अंकी क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला तर ते कार्ड कायमचे निकामी होते. मुलीचा, जावयाचा, भारतीय वकिलातीचा आणि बँकेचा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा. फोन हरवतो तेव्हा त्यात साठविलेले सारे क्रमांकही हरवतात. फोनचा स्वतःचा आयएमईआय हा १५ अंकी क्रमांकही त्याच कागदावर लिहावा. मघाशी सांगितलेल्या कळा दाबल्या की तोही दिसतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. कार्ड नेहमी कंपनीच्या अधिकृत दुकानातून, आपल्याच पासपोर्टवर घ्यावे. रस्त्यावर कोणी कागदपत्रांवाचून देऊ केलेले कार्ड दुसऱ्याच कोणाच्या नावे असावयाचा संभव असतो. आणि भारतातून जाताना दुसऱ्याचे कार्ड 'तेवढे पोहोचवा' म्हणून कोणी हाती दिले, तर ते घेऊ नये. आपले कार्डही कोणास देऊ नये. आग्नेय आशियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या आपल्या तरुणांना फसवणुकीच्या कामास जुंपल्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत उघडकीस आले आहेत, आणि अशा फसवणुकीत भारतीय कार्डांचाही उपयोग झाला आहे. कार्ड ज्याच्या नावावर, चौकशी प्रथम त्याच्या दारी येते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये खोट्या ओळखीवर कार्ड मिळविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत, हे सरकारच्या संचार साथी या सेवेवर कोणासही पाहता येते. प्रवासाला निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की, "तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे" किंवा "तुमचे कार्ड ई-सिममध्ये बदलून देतो, आलेला अंक सांगा" असा फोन आला, तर तो तेथेच ठेवावा. परदेशात असताना माणूस आधीच गोंधळलेला असतो आणि असा फोन त्यास खरा वाटतो. अंक दिला की आपला क्रमांक दुसऱ्याच्या फोनवर जातो आणि त्याच्या मागोमाग बँकेतील पैसाही. ई-सिम करून घ्यावयाचेच असेल, तर ते भारतात असताना, आपण होऊन, कंपनीच्या दुकानात करून घ्यावे.

परत येतानाही एक काम असते. स्थानिक क्रमांक जेथे जेथे दिला असेल, म्हणजे दवाखाना, बँक, एखादे ॲप, तेथून तो काढून टाकावा. कारण तो क्रमांकही पुढे कोणाचा तरी होणार असतो. कार्ड अनोळखी माणसास देऊन येऊ नये.

गुरुजी आणि काकू गेल्या वर्षी पुन्हा म्युनिकला गेले. नातू आता चालू लागला आहे. या खेपेस काकूंच्या यादीत लाडवांच्या वरच एक ओळ होती : सिहोऱ्याचा नंबर, तीन कामे. निघण्यापूर्वी जबलपूरच्या बंधूंनी स्वतः येऊन त्या तिन्ही कामांपुढे खुणा केल्या. म्युनिकच्या विमानतळावर जावयांनी नवे कार्ड पुढे केले, तेव्हा गुरुजींनी ते घेतले आणि रिकाम्या कप्प्यात बसविले. जुने जेथल्या तेथे राहिले. थोड्याच वेळात त्यावर बँकेचा एक साधासा संदेश आला : निवृत्तिवेतन जमा झाले. गुरुजींनी तो काकूंना दाखविला आणि फोन खिशात ठेवला.